हॅरी पॉटरचा शेवटचा सिनेमा: व्होल्डेमॉर्टचं मरण वाया घालवलं का?

घुबड
सिनेमा २०११ चा आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कोणी ओरडू नये. 'डेथली हॅलोज'च्या दुसऱ्या भागातली हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्टची शेवटची लढत मला आजही पचत नाही. पुस्तकात ती ग्रेट हॉलमध्ये होते. भोवती शिक्षक, पोरं, पालक, एल्फ, सगळे. हॅरी व्होल्डेमॉर्टला भर सभेत 'टॉम रिडल' या त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो, एल्डर वाँड ही सगळ्यात ताकदवान कांडी त्याची नाहीच हे तोंडावर सांगतो, आणि स्वतःचाच मंत्र उलटताच व्होल्डेमॉर्ट धाडकन पडतो. मागे उरतं एक साधं प्रेत. मरण टाळायला ज्याने आत्म्याचे तुकडे केले, तो चारचौघांसारखा मेला, यातच सगळं आलं. सिनेमात मात्र दोघं धुराच्या घिरट्या घालतात आणि ओसाड अंगणात हा पापुद्रे होऊन हवेत विरतो. बघायला चिटपाखरू नाही!

नाक्यावरचा
छे, अजिबात पटलं नाही. पुस्तकात ते दोघं गोल गोल फिरत पानंच्या पानं बोलतात. कांडीची मालकी हेडमास्तर डंबलडोरकडून हॅरीच्या शाळेतल्या ड्रॅको मॅल्फॉयकडे, ड्रॅकोकडून हॅरीकडे. सातबाराचा फेरफार वाचतोय असं वाटतं. ऐन क्लायमॅक्सला थिएटरात हे कोण ऐकणार? डेव्हिड येट्सने ते नंतर पुलावर दोन-चार वाक्यांत उरकलं, शहाणपणा केला. आणि ओसाड अंगणच बरोबर आहे. हॅरी जिवंत दिसताच व्होल्डेमॉर्टचे साथीदार पळतात, मॅल्फॉय कुटुंब मान खाली घालून चालतं होतं. त्याच्यामागे कोणीच उरत नाही.

घुबड
एकटा पडला हे मान्य. पण मग त्याचं मरण तरी वेगळं दाखवा. त्याच्या नागिणीचा धूर, त्याची साथीदार बेलाट्रिक्स हिच्या ठिकऱ्या, त्याचे पापुद्रे, सगळ्यांचा एकच हिशेब. नागीण हॉरक्रक्स होती, म्हणजे तिच्यात त्याच्या आत्म्याचा तुकडा होता, समजू शकतो. बेलाट्रिक्सच्या ठिकऱ्या कशाला? थ्रीडीचे पैसे वसूल करायला?

सायली_ठाणे
भांडा तुम्ही. मी हा सिनेमा हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तरसाठी बघते. आठवणींच्या प्रसंगात हॅरीच्या आईचं, लिलीचं प्रेत छातीशी धरून तो हंबरडा फोडतो आणि मागे पाळण्यात लहानगा हॅरी रडत असतो. हे पुस्तकात नाही बरं का! स्नेप झालेल्या ॲलन रिकमनला स्नेपबद्दलची एक गोष्ट लेखिकेने फार आधीच सांगून ठेवली होती. पहिल्या सिनेमापासून त्याची नजर बघा, कळेल.

नाक्यावरचा
+१. शिवाय बँकेत शिरताना बेलाट्रिक्स झालेली हेलेना बोनहॅम कार्टर! बेलाट्रिक्सच्या रूपात हॅरीची मैत्रीण हर्मायनी आहे हे नुसत्या अवघडलेल्या चालण्यावरून कळतं. आणि व्होल्डेमॉर्ट झालेल्या राल्फ फाइन्सने ड्रॅकोला मारलेली ती लाकडी मिठी. पुस्तकवाल्यांनी दाखवावं असं काही.

जुना वाचक
नटांबद्दल दुमत नाही, कात्री कुठे लावली त्याबद्दल आहे. डंबलडोरचं तरुणपण, काळ्या जादूच्या ग्रिंडेलवाल्डशी दोस्ती, बहिणीचा मृत्यू, यातलं हाती काय लागतं? त्याचा भाऊ ॲबरफोर्थ एक-दोन वाक्यं कडवटपणे बोलतो, हॅरी 'माझा त्यांच्यावर विश्वास होता' म्हणतो, विषय संपला. पुस्तकात हॅरी डंबलडोरवर चिडतो, तरीही त्याचं ऐकून मरायला जातो. जंगलातल्या त्या चालण्याला वजन येतं ते या रागामुळे.

नाक्यावरचा
अहो काका, १३० मिनिटांत काय काय बसवणार? मालिकेतला सगळ्यात छोटा सिनेमा आहे हा.

जुना वाचक
छोटा ठेवा असं कोणी सांगितलं होतं? एका पुस्तकाचे दोन सिनेमे केले ते जागा हवी म्हणूनच ना? पहिल्या भागात तंबूत बसून राहायला भरपूर वेळ होता.

सायली_ठाणे
तंबूतला नाच मला आवडतो. त्याला हात लावायचा नाही.

घुबड
बरं, नाच ठेवा. पण कांडीचं काय? पुस्तकात हॅरी एल्डर वाँडने आधी स्वतःची मोडलेली कांडी दुरुस्त करतो, मगच ती परत डंबलडोरच्या थडग्यात ठेवायची ठरवतो. सिनेमात पठ्ठ्या सरळ मोडून पुलावरून फेकतो. अकरा वर्षांच्या पोराला जिने निवडलं होतं, ती तुटलेलीच राहिली की!

नाक्यावरचा
ड्रॅकोची आहे ना त्याच्याकडे. तिनेच तर व्होल्डेमॉर्टला हरवलं.

सायली_ठाणे
आणि ड्रॅकोने काय काडी वापरायची?