बाबांना ऐकू येईनासं झालंय, कंपनी म्हणते वयामुळे. डिसॅबिलिटी क्लेम होईल का?

गुहागरकर८८:
नमस्कार मंडळी, बाबा २६ वर्षं बोटीवर आहेत, इंजिन रूममध्ये, आधी वायपर मग ऑइलर आणि आता मोटरमन, वय ५३. मार्चमध्ये साईन ऑफ होऊन (बोटीवरून उतरून) घरी आले तेव्हापासून बघतोय, कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना कळत नाही. माझी चार वर्षांची मुलगी गोष्ट सांगा म्हणते आणि ते पोट कुठे दुखतंय विचारतात, ती रडवेली होते आणि मग हे पण गप्प बसतात. बोटीवर असतानाच सेकंड इंजिनिअरला सांगितलेलं की कानात सतत शिट्टी वाजते, एका पोर्टला डॉक्टरकडे नेलं, थेंब दिले आणि परत वॉच, म्हणजे ड्युटी. आता कंपनीच्या डॉक्टरने लिहिलंय वयोमान आणि शुगर, कामाशी संबंध नाही. बोटीवर भरती करणारे एजन्सीवाले म्हणतात तीन महिन्यांचा पगार देतो, फुल अँड फायनलवर (पुढे काही मागणार नाही अशा कागदावर) सही करा. बोटीचा फ्लॅग, म्हणजे नोंदणी, मार्शल आयलंड्सची आहे. काय करू, प्लीज लवकर सांगा, सोमवारी बोलावलंय.

सेकंड_इंजिनिअर_ठाणे:
सोमवारी जा पण सही करू नका, पहिली गोष्ट ही. मोठ्या आवाजामुळे येणारा बहिरेपणा आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) व्यावसायिक आजारांच्या यादीत सरळ लिहिलेला आहे, आणि इंजिन रूम म्हणजे काय ते मला सांगायला नको, ८५ डेसिबलच्या वर कानाला संरक्षण लागतं आणि आमच्या जनरेटरजवळ त्याच्या कितीतरी वर असतं, कानावर मफ घातला तरी शेजारी उभा माणूस ओरडून बोलतो. एमएलसी, म्हणजे बोटीवरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मार्शल आयलंड्सला पण लागू आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केलंय. त्यात आजारपणाचा पगार वेगळा आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई वेगळी. आजारपणाच्या पगाराला मुदत घालायची तरी १६ आठवड्यांच्या खाली आणता येत नाही, आणि हे तुम्हाला तीन महिने दाखवून दोन्ही मिटवायला बघतायत! भरपाई किती ते सीबीएमध्ये, म्हणजे युनियन आणि कंपनीच्या करारात असतं, ती कॉपी मागा.
आणि जुनी मेडिकल शोधा. साईन ऑनच्या (बोटीवर चढण्याच्या) आधीच्या मेडिकलमध्ये कानाची टेस्ट होते, तो ग्राफ सोन्यासारखा जपायचा असतो. पोर्टच्या डॉक्टरची चिठ्ठी पण, तारीख आणि बोटीचं नाव असलेली.

ऑडिओलॉजिस्ट_पुणे:
वरच्या दादांचं बरोबर आहे, थोडं माझ्याकडून. आवाजाने कान गेला की ग्राफमध्ये ३००० ते ६००० हर्ट्झच्या मध्ये, बहुतेक ४००० ला, खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा परत थोडी वर येते. नुसत्या वयाने असेल तर सहसा ८००० कडे उतरतच जाते. पन्नाशीनंतर दोन्ही मिसळतात, म्हणून २०-२५ वर्षांपूर्वीचा ग्राफ आणि आताचा शेजारी ठेवणं महत्त्वाचं. आवाजाचा परिणाम दोन्ही कानांवर साधारण सारखा असतो, तेही बघा. शुगर आहे म्हणून आवाजाचा परिणाम झालाच नाही असं होत नाही, हे तुमच्या ईएनटीकडून लेखी घ्या. स, श, ष, फ असे बारीक आवाज आधी जातात, छोटीचं बोलणं म्हणूनच कळत नाही. तिला समोर बसून सावकाश बोलायला शिकवा, बाबांना चेहरा दिसू दे.

मालवणची_वहिनी:
माझ्या मिस्टरांचं कंबरेचं होतं, कंपनीचा डॉक्टर म्हणे जुनाच मणका झिजलाय. आम्ही खलाशांच्या युनियनकडे, नुसीकडे गेलो, त्यांचं ऑफिस मुंबईत बॅलार्ड इस्टेटला गोवा स्ट्रीटवर आहे. बऱ्याच सीबीएमध्ये असतं की कंपनीचा आणि आपला डॉक्टर यांचं पटलं नाही तर दोघांच्या संमतीने तिसरा डॉक्टर आणि त्याचं अंतिम, आमचं त्यानेच सुटलं, वर्ष गेलं पण सुटलं. कमी पैशावर सही करायला दबाव आणायचा नाही असं एमएलसीतच आहे. पैसे दिले तर घ्या, पण पावतीवर पुढचे हक्क राखून असं लिहूनच, तोंडी काही चालत नाही हो. बोटीवर बोर्डावर फायनान्शियल सिक्युरिटीचं (भरपाईच्या हमीचं) सर्टिफिकेट लावलेलं असतं, त्यावर बोटीचा विमा देणाऱ्या क्लबचं नाव असतं, तिथे थेट क्लेम लावता येतो. कुणी ओळखीचा अजून त्या बोटीवर असेल तर फोटो मागवा.

गुहागरकर८८:
सगळ्यांचे खूप आभार. आईने कपाटातला बिस्किटाचा डबा काढला, त्यात सगळ्या सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेली पुस्तकं) आणि १९९९ ची मेडिकल निघाली, ग्राफ पूर्ण सरळ आहे! आताच्यात ४००० ला एकदम खाली, दोन्ही कानांना. बाबांनी दोन्ही कागद मांडीवर ठेवून बराच वेळ बोट फिरवलं. सही करत नाही, सोमवारी एजन्सीत जाऊन तसंच लेखी देतो आणि तिथूनच बॅलार्ड इस्टेट गाठतो. पोर्टच्या डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी बॅगेच्या अस्तरात ठेवली होती, तीही मिळाली, फक्त बोटीचा शिक्का पुसट आहे. तो चालेल का?

सेकंड_इंजिनिअर_ठाणे:
चालवून घ्यायचं नाही, बोटीवरच्या मेडिकल लॉगच्या (आजारपणाच्या नोंदवहीच्या) त्या तारखेच्या पानाची कॉपी कंपनीकडे लेखी मागा. आजच मेल टाका, उद्यावर ठेवू नका.