न्यायासाठीचं अनुदान: वर्षभराच्या प्रकल्पाला की टिकून राहणाऱ्या माणसाला?

पायवाट
सामान्य माणसाला न्यायापर्यंत पोहोचता यावं म्हणून वस्तीपातळीवरच्या संस्थांना अनुदानं मिळतात. माझं मत असं की वर्षभराचे प्रकल्प बंद करून तोच पैसा वस्तीत रोज बसणाऱ्या प्रशिक्षित पॅरालीगलच्या, म्हणजे वकील नसूनही कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या कार्यकर्त्याच्या, पगाराला द्यावा, निदान पाच वर्षं.

घर रिकामं करण्याची नोटीस, थकलेली मजुरी, पोटगी, अडकलेलं पेन्शन, यातलं काहीच अनुदानाच्या वर्षात बसत नाही. अडलेला माणूस आधी ओळखीच्याकडे जातो. वकिलाकडे जातो तो शेवटी, पुष्कळदा मुदत उलटून गेल्यावर. पॅरालीगलला वस्तीच्या ओळखीचं व्हायलाच वेळ लागतो, आणि ओळख जमते न जमते तोच पैसे संपतात. तो दुसरीकडे नोकरी धरतो, लोकांची कागदपत्रं कपाटात पडून राहतात. मग दात्यांना 'नावीन्य' हवं म्हणून त्याच कामाला नवं नाव देऊन पुन्हा अर्ज!

सिएरा लिओनमध्ये यादवीनंतर वकील होते ते बहुतेक राजधानीत. 2003 मध्ये 'टिमॅप फॉर जस्टिस' या संस्थेने गावोगावी पॅरालीगल नेमायला सुरुवात केली. 2012 च्या विधी साहाय्य कायद्याने पॅरालीगलना मान्यता दिली आणि प्रत्येक चीफडममध्ये (पारंपरिक प्रमुखाच्या अखत्यारीतल्या स्थानिक विभागात) एक असावा अशी तरतूद केली. कायद्याने दखल घ्यावी इतकं काम मुरायला एवढी वर्षं लागली.

हिशोबनीस
तळमळ पटते, उपाय पटत नाही. पाच वर्षांचा पैसा एकदम बांधला की तो जुन्या, मोठ्या, अर्ज लिहिण्यात तरबेज असलेल्या संस्थांकडेच जातो. काल सुरू झालेल्या छोट्या गटाला वर्षाचं अनुदान हाच एक दरवाजा असतो, आणि तुम्ही नेमका तोच बंद करायला निघालात. शिवाय काम होत नसेल तर चौथ्या वर्षापर्यंत वाट बघायची का?

मूळप्रश्न
तुम्ही दोघंही चुकीच्या दारात उभे आहात. न्याय मिळणं हा हक्क आहे, दात्याची मर्जी नव्हे. भारताने 1976 मध्ये घटनेत कलम 39अ घालून मोफत विधी साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरवली. संस्थांनी अनुदानावर गाडा ओढत राहिलं की सरकारला हात झटकायला मोकळीक मिळते. इंग्लंडमध्ये एप्रिल 2013 पासून कौटुंबिक वाद, कर्ज, कल्याणकारी लाभ यांतल्या बहुतेक प्रकरणांचं सरकारी विधी साहाय्य काढून घेतलं. कोर्टात वकिलाशिवाय उभं राहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि धर्मादाय सल्ला केंद्रांना ते ओझं पेलवलं नाही.

उलटतपासणी
@मूळप्रश्न, समोर प्रतिवादी म्हणून सरकारच असेल तर काय करायचं? अमेरिकेत 1974 च्या कायद्याने लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन उभं राहिलं, विधी साहाय्य देणाऱ्या संस्थांना सरकारी पैसा वाटणारं. 1996 मध्ये संसदेने अट घातली की तिथून पैसा घेणाऱ्या संस्थेने सामूहिक दावे (अनेकांच्या वतीने एकच खटला) लढवायचे नाहीत, दुसऱ्या देणगीतूनही नाहीत! सगळी भिस्त सरकारवर ठेवली की एका अटीत हात बांधले जातात.

वकिलांकडे अशिलांचे पैसे काही काळ ठेव म्हणून असतात. त्या एकत्रित खात्यांवरचं व्याज विधी साहाय्याला द्यायची पद्धत कॅनडा-ऑस्ट्रेलियात आधीपासून होती, अमेरिकेत फ्लोरिडाने ती 1981 मध्ये आणली. हा पैसा करातूनही येत नाही आणि दात्याच्या खिशातूनही नाही. व्याजदर पडले की आटतो, हे खरं. 2008 नंतर तसंच झालं. म्हणून दोन-तीन झरे लागतात.

मूळप्रश्न
अटी वाईट आहेत, मान्य. त्या काढायला भांडूया. पण 2019 मध्ये वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टने अंदाज मांडला की जगात सुमारे 510 कोटी लोकांची न्यायाची गरज भागत नाही. एवढा आकडा देणग्या आणि व्याजावर भागणार आहे का?

हिशोबनीस
मी मधला मार्ग सुचवतो. पहिली दोन वर्षं नव्या-जुन्या सगळ्यांना खुली ठेवा, काम दिसलं की पुढची तीन वर्षं द्या. आणि किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली हे मोजणं सोडा. आलेल्या माणसाचं काम मुदतीत झालं का आणि पुढच्या वेळी तो स्वतः अर्ज करू शकेल का, ते विचारा.

पायवाट
दोन अधिक तीन मला चालेल. छोट्या गटांचा तुमचा मुद्दा रास्त आहे, नव्यांसाठी दार उघडं हवंच.

मोजमापाबाबत मात्र माझी एक अट आहे आणि तिथे मी मागे हटणार नाही. दाते 'यशोगाथा' मागतात. नाव, फोटो, सगळी हकीकत. मारहाणीतून सुटलेली बाई सल्ल्याला येते ती कुणाला कळणार नाही या भरवशावर. तिची कहाणी अहवालात छापून आली की वस्तीतली दुसरी बाई आमच्याकडे फिरकणार नाही. दात्याला आकडे द्या, हिशोब द्या, फाईल देऊ नका. ही गोष्ट अनुदानाच्या करारातच लिहिलेली हवी, सहीच्या आधी.