कालवडच व्हावी म्हणून सॉर्टेड सीमेन भरवावं का? आणि गोऱ्ह्यांचं तुम्ही काय करता?

गोठा_सांगोला

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातला आहे, घरी अकरा जनावरं, नऊ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस, एक जर्सी क्रॉस आणि एक खिलार. खिलार वडिलांची, म्हणजे तात्यांची, तिच्या दुधावर कुणाचा डोळा नाही, ती दारात असली की त्यांना बरं वाटतं.

मुद्दा असा की गेल्या दीड वर्षात आमच्या सात गायी व्यायल्या आणि त्यात पाच गोऱ्हे. शेवटचा मागच्या महिन्यात रात्री अडीचला झाला. पहिलाडू गाय होती, ओढूनच काढावा लागला, मी नाकातोंडातला चिकटा पुसला, पेंढ्याच्या बोळ्याने अंग चोळलं, पाच मिनिटांत गडी उठायला बघतोय, मागचे पाय फाकतायत, पडतोय, परत उठतोय. बायकोने मोबाईलच्या उजेडात शेपूट उचलून बघितलं आणि काही न बोलता उजेड बंद केला.

आता एवढ्या गोऱ्ह्यांचं करायचं काय? औताला ट्रॅक्टर आलाय, आणि एचएफच्या खोंडाला वशिंडच नाही तर जू टेकणार कुठं, शिवाय आमच्याकडचं एप्रिलचं ऊन त्याला सोसत नाही. २०१५ पासून कायद्याने बैल-खोंड कापायला बंदी आहे त्यामुळे विकत कोण घेणार. रोजचं चार-पाच लिटर दूध त्याला पाजायचं तर हिशोब बसत नाही. मग लोक काय करतात ते गोठेवाल्यांना माहीत आहे, चीक पाजत नाहीत, चार दिवसांत ते आपोआप जातं, नाहीतर रात्री कुठंतरी हायवेला सोडून येतात. मला ते जमलं नाही आणि जमणार पण नाही. तीन गोऱ्हे अजून दावणीला आहेत.

एकजण म्हणाला सॉर्टेड सीमेन, म्हणजे मादीसाठी वेगळं काढलेलं वीर्य, भरव, कालवडच होते. गोठवलेल्या वीर्याच्या साध्या कांडीपेक्षा बरेच पैसे जातात, पण पैशाचं एकवेळ जाऊ दे. विचारायचं हे की खरंच होतं का, गाय गाभण राहते का, आणि दुसरं म्हणजे तात्या म्हणतात निसर्गाने निम्मे नर निम्म्या माद्या ठेवल्यात त्यात हात घालू नका. त्यांना काय सांगू मला कळेना, कारण अर्धं मन माझं पण तेच म्हणतं.

---

डॉक्टर_गोठ्यावर

दादा, मी पशुवैद्यक आहे, पंधरा वर्षं गावोगाव कृत्रिम रेतन करतेय, सॉर्टेडच्या कांड्या पण बऱ्याच भरल्यात. आधी ते होतं कसं ते सांगते म्हणजे तात्यांना पण समजावता येईल.

बैलाच्या वीर्यात दोन प्रकारचे शुक्रजंतू असतात, एक्सवाला आला तर कालवड, वायवाला आला तर गोऱ्हा. एक्सवाल्यात डीएनए जवळपास चार टक्के जास्त असतो, बाकी दिसायला दोन्ही सारखेच. मग त्यांना एक रंग देतात जो डीएनएला चिकटतो, आणि एकेक शुक्रजंतू थेंबातून लेझरसमोरून सोडतात, ज्यात डीएनए जास्त तो थोडा जास्त चमकतो, मशीन त्या थेंबाला विजेचा भार देतं आणि तो थेंब बाजूच्या नळीत वळतो. हे सेकंदाला हजारोंच्या वेगाने चालतं. हे तंत्र मुळात अमेरिकेतलं, आपण वर्षानुवर्षं परदेशी मशीनवर अवलंबून होतो म्हणून महाग. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशी तंत्राचं उद्घाटन आपल्या वाशीमलाच झालं, त्याने दर खाली यायला मदत होईल.

आता खरं खरं. शंभर वासरांत नव्वदच्या आसपास कालवडी, शंभर नाही, त्यामुळे दहाव्याला गोऱ्हा झाला तर फसवलं म्हणू नका. आणि गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी, कारण साध्या कांडीत दोन कोटींच्या घरात शुक्रजंतू असतात, सॉर्टेडमध्ये साधारण वीस लाख, आणि ते पण रंग, लेझर, प्रेशर सगळं सोसून आलेले. म्हणून ज्या गाया दोनदा-तीनदा उलटल्यात, म्हणजे भरूनही गाभण राहिल्या नाहीत, त्यांना अजिबात भरू नका, पैसे पाण्यात. पहिल्यांदा भरायच्या निरोगी कालवडींना भरा, त्यांच्यात सगळ्यात चांगला रिझल्ट मिळतो, आणि मादी वासरू वजनाला थोडं हलकं असतं त्यामुळे पहिलाडू अडत पण नाही, तुमच्या त्या रात्रीसारखी ओढाओढ कमी होते. वेळ महत्त्वाची. साधी कांडी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरतो, सॉर्टेड थोडी उशिरा, गाय पहिल्यांदा दुसरीला अंगावर घेऊन उभी राहिली तिथून सोळा-अठरा तासांनी. आणि कांडी नायट्रोजनच्या टाकीतून काढली की कोमट पाण्यातच, छत्तीस-सदतीस डिग्री, थर्मामीटर लावून. खिशात किंवा काखेत धरून वितळवणारा कुणी दिसला तर त्याला गोठ्यात घेऊ नका.

तात्यांच्या बोलण्याला मी नाही म्हणणार नाही. पण सांगोल्याच्या उन्हात एचएफ उभी आहे हाच हात घातलेला आहे, तो सॉर्टेडच्या किती आधी घातला गेला बघा.

---

आबा_आटपाडी

डॉक्टर बाईंनी बरोबर सांगितलं, त्याच्यात मी माझी भर घालतो, वय बहात्तर आहे त्यामुळे दोन्ही काळ बघितलेत.

आमच्या घरात सगळी खिलार. गाय दोन-तीन लिटर द्यायची, जास्त नाही. पण ती वासराशिवाय पान्हाच सोडायची नाही. आधी वासरू लावायचं, चार सड चोखायचं, डोक्याने ढुसण्या मारायचं, कास भरायची, मग त्याला ओढून गायीच्या पुढच्या पायाशी बांधायचं, ती त्याला चाटत राहायची आणि आई खाली बसून धार काढायची. वासरू मेलं तर गाय आटायची, लोक भोत भरून, म्हणजे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून, पुढ्यात ठेवायचे. म्हणजे गोऱ्हा असो कालवड असो, जगवावंच लागायचं, दूध पाहिजे असेल तर. आणि गोऱ्हा झाला तर घरात आनंद, अडीच-तीन वर्षांत खरसुंडीच्या बाजारात जोडी उभी केली की वर्षाचा खर्च निघायचा.

मग संकरित आली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली, त्यांची माणसं सायकलवर, मोटारसायकलवर दारात यायला लागली, घरातल्या गाईला भरून जायची. लोकांच्या हातात पैसा आला त्याने, खोटं कशाला बोलू, माझ्या दोन पोरींची लग्नं डेअरीच्या दहा दिवसाच्या बिलावर झाली. पण त्या गाईत एक गोष्ट वेगळी होती, ती वासराशिवाय धार द्यायची. बादली दिसली, पेंड पुढ्यात आली की पान्हा. आम्हाला तेव्हा वाटलं केवढी सोय झाली. आज विचार करतो तर गोऱ्ह्याची किंमत त्याच दिवशी गेली. ट्रॅक्टर नंतर आला, कायदा तर फारच नंतर. आईला त्याची गरज उरली नाही तिथंच तो उपरा झाला.

तर पोरा, तात्यांना सांग की आबा म्हणतात भरव. जन्माला घालून चीक न पाजणं यापेक्षा जन्मालाच न घालणं बरं. एचएफला सॉर्टेड भर. पण खिलारीला गावातला खिलार वळूच दाखव, तिथं कांडी नको आणि सॉर्टेड तर नकोच. बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ पासून परत सुरू झाल्यात, खिलार खोंडाला आज गिऱ्हाईक आहे.

---

मॅडिसनहून_मिलिंद

आबा, पान्ह्याची गोष्ट वाचून थांबलो, धन्यवाद. मी मूळ नगरकडचा, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गायींच्या जनुकीय निवडीवर काम करतो, म्हणजे रोज हेच. इकडे वासरू जन्मल्यावर काही तासांत आईपासून वेगळं करून बाटलीवर घेतात आणि गाय दोनदा-तीनदा मशीनवर जाते, कुणाला त्यात काही वाटत नाही.

दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुणी विचारली नाही ती मी विचारतो. कांडी कुठल्या बैलाची?

का विचारतो ते सांगतो. १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरॉल वापरून शुक्रजंतू गोठवून जिवंत ठेवता येतात हे कळलं आणि तिथून एका बैलाची पोरं जगभर व्हायला लागली. इकडे १९६२ साली जन्मलेला एक होल्स्टीन बैल होता, पॉनी फार्म अर्लिंडा चीफ. त्याला सोळा हजार मुली, पाच लाखांवर नाती, आणि आज होल्स्टीन जातीच्या एकूण जनुकांत सुमारे चौदा टक्के वाटा एकट्या त्याचा. त्याच्या मुलींना दूध जबरदस्त म्हणून सगळ्यांनी तोच वापरला. पण त्याच्यात एका जनुकात बिघाड होता, एकच प्रत असली तर काही होत नाही, दोन्हीकडून आली तर गर्भ पोटातच मरतो. हे २०११ मध्ये हिशोबातून लक्षात आलं, म्हणजे हजारो जनावरं तपासली आणि दोन प्रती असलेलं एकही जिवंत जनावर सापडेना, तेव्हा. नेमका बिघाड २०१६ मध्ये सापडला. तोपर्यंत जगभरात पाच लाखांच्या आसपास गर्भपात त्यामुळे झाले असा अंदाज आहे. पन्नास वर्षं शेतकरी म्हणत राहिले गाय उलटली, चारा बदला, डॉक्टर बदला. दूध वाढल्यामुळे झालेला फायदा नुकसानीपेक्षा कितीतरी पट मोठा होता हेही खरं, म्हणून तर इकडे कुणी चीफला नावं ठेवत नाही. मला मात्र ते पाच लाख हिशोबातून काढता येत नाहीत.

आता त्या जनुकाची टेस्ट आहे, चांगल्या केंद्रातले बैल तपासलेले असतात. पण सॉर्टेडने हा वेग अजून वाढतो, कारण थोड्याच बैलांचं सॉर्टेड मिळतं, सगळे तेच भरतात, आणि होणाऱ्या जवळपास सगळ्या कालवडीच, म्हणजे चार-पाच वर्षांत अख्ख्या गावाचा गोठा एका बापाचा. कांडीवर बैलाचा नंबर छापलेला असतो. तो लिहून ठेवा. बास एवढंच सांगायचं होतं, लांबलं.

---

मेंढका_फलटण

गायीतलं मला फार कळत नाही पण जनावर बदलण्याचा विषय आहे म्हणून आमचं सांगतो, कारण आमच्याकडे उलटं झालंय आणि ते चांगलं झालंय.

दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते. बंगालमध्ये सुंदरबनात गारोळ म्हणून बारीकशी मेंढी आहे, गुडघ्याएवढी, ती सर्रास जुळी देते. त्याचं कारण एक जनुक. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजातून मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथल्या बुरुला जातीच्या मेंढ्यांत तोच गुण उतरला असं आता मानतात. तर फलटणच्या निंबकर संस्थेने गारोळच्या मेंढ्या आणून त्या जनुकाची आपल्या दख्खनीत भर घातली, पिढ्यानपिढ्या दख्खनीशीच परत परत जोडून, म्हणजे अंगाने दख्खनी, फक्त तो एक गुण गारोळचा. सुवर्णा म्हणतात तिला. कुठल्या कोकरात तो गुण आलाय ते रक्त तपासून कळतं.

मला आवडलं ते पुढचं. जनुकाच्या दोन प्रती असल्या तर तिळी व्हायला लागतात, आणि तिळी म्हणजे एक तरी मरणार, मेंढीला सड दोनच. मग जास्त तिथं चांगलं असं न करता एकच प्रत बरी असं त्यांनी बघितलं, आणि ते नुसतं फार्मवर नाही, आमच्यासारख्यांच्या कळपात देऊन बघितलं. कारण आमचा कळप चालता असतो, दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचं, वाटेत व्याली तर कोकरू घोड्यावरच्या वाकळेत घालायचं, त्याचं तोंड तेवढं बाहेर. एक घोडं किती कोकरं नेणार? हा हिशोब मेंढक्याला विचारल्याशिवाय कुणाला कळणार होता. माझ्या चुलत्याने सांगितलेलं, दोन चालतील, तीन नको.

म्हणून मला वाटतं तात्यांचं 'हात घालू नका' पेक्षा हात घालताना कुणाला विचारून घातला ते महत्त्वाचं. एचएफ आणताना आबांसारख्यांना पान्ह्याचं कुणी विचारलं नसणार.

---

गोठा_सांगोला

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मिलिंददादांनी सांगितलं ते बघत होतो.

आमच्याकडे रेतन करणारे भाऊ वापरलेली कांडी गोठ्याच्या पत्र्याखाली अँगलमध्ये खोचून जातात. मी आणि तात्यांनी सगळ्या काढल्या, धूळ पुसली, तात्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि मी वहीत लिहिला. एकूण चौदा सापडल्या. त्यातल्या नऊ एकाच बैलाच्या. आणि आता जी कालवड भरायची आहे, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती त्याच बैलाची, आणि मला जे सॉर्टेड सुचवलं होतं ते पण त्याच बैलाचं, "हा बैल आपल्या भागात चांगला चालतो" म्हणून. म्हणजे मी पैसे देऊन बापाचीच कांडी पोरीला भरणार होतो. कुणाचा दोष काढत नाही, कानातल्या बिल्ल्यावर ॲपमध्ये नोंद असते म्हणतात, ती बघायची मलाच कधी सुचली नाही. आता दुसऱ्या बैलाची कांडी मागवली आहे, त्या चीफवाल्या जनुकाचा रिपोर्ट पण मागितला, आधी हसले, मग दिला.

तात्यांना आबांचं सगळं वाचून दाखवलं. भोत भरायचं आलं तिथं ते म्हणाले आमच्याकडं पण होतं, तुझ्या आजीने भरलेलं. खिलारीला वळू दाखवायला ते स्वतः घेऊन जाणार आहेत. तीन गोऱ्हे आहेत ते राहतील, एकाला शेणखताच्या गाडीला लावून बघतोय, जू घसरतं म्हणून छातीवरून पट्टा करून घेतलाय.

डॉक्टर ताई एकच विचारायचं, कालवड आज दुपारी तीनला पहिल्यांदा उभी राहिली, मी समोरच होतो. उद्या सकाळी सातला भरली तर चालेल का अजून थांबू?

---

डॉक्टर_गोठ्यावर

तीन नक्की असेल तर आठ वाजता भरा. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, कसा आहे ते सकाळी बघून घ्या, काचेसारखा स्वच्छ आणि तार धरणारा पाहिजे. आणि भरल्यावर कालवडीला पळवू नका, सावलीला बांधा, पाणी पुढ्यात ठेवा. नंबर वहीत लिहा.