आईच्या बचत गटाचा आगळ-आमसुलांचा धंदा वाढवायचाय, संस्था काढू की कंपनी?

सायली_राजापूर
नमस्कार मंडळी. आईचा राजापूर तालुक्यात बचत गट आहे, बारा बायका आहेत, मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडून आगळ (त्यांचा खारवलेला रस) आणि आमसुलं करतात. आत्तापर्यंत ओळखीपाळखीत मुंबईला जायचं पण यंदा पुण्यातल्या दोन दुकानांनी माल मागितलाय. मला हे नीट उभं करायचंय, नफा बायकांनाच मिळाला पाहिजे, मधे दलाल नको. एक जण म्हणतो सेक्शन 8 कंपनी (ना-नफा, संस्थेसारखी) काढ, देणग्या आणि सीएसआर (मोठ्या कंपन्यांचा समाजकामाचा पैसा) मिळेल, दुसरा म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड. काय करू?

हिशोबवाले_काका
सायली, सेक्शन 8 मध्ये नफा सभासदांना वाटता येत नाही, कायदाच तसा आहे. मजुरी देता येईल पण वर्षाअखेर उरेल ते कंपनीतच राहणार. तुला नेमकं उलटं हवंय, मग प्रोड्युसर कंपनी बघ, दहा उत्पादक जमले की काढता येते, आणि शेअर कमी असो की जास्त, प्रत्येकीला मत एकच. पण घाई नको. कंपनी म्हटली की ऑडिट आलं, दरवर्षीचे रिटर्न आले, सीएची फी आली, दोन दुकानांच्या मालावर ते झेपणार नाही. सध्या गटाच्याच नावाने विका, एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षेचं) रजिस्ट्रेशन मात्र आधी काढा, त्याशिवाय दुकानात बाटली ठेवू नका.

कुडाळकरीण
काकांचं बरोबर आहे, पण खरी अडचण पैसा कधी येतो ही आहे गं. रातांबा महिना-दीड महिना, पाऊस लागला की संपलं, आणि फोडणारीला पैसे संध्याकाळी हातात लागतात. आगळ मात्र वर्षभर विकलं जाणार आणि दुकानदार उधारीवर घेणार, मग मधले महिने कोणाच्या पैशावर काढायचे? बायका गट सोडून जातात त्या इथेच. म्हणून सीझनच्या आधी बँकेतून गटाचं कर्ज उचला आणि दुकानदाराकडे ॲडव्हान्स मागाच, लाजू नका. लिज्जतच्या सात जणींनी 1959 ला गिरगावात 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि देणगी घ्यायची नाही हे सुरुवातीलाच ठरवलं. सीएसआरच्या मागे लागू नको असं मी म्हणते ते यासाठीच, अनुदान थांबलं तरी रातांबे फोडायची मजुरी निघाली पाहिजे. दर ठरवताना ती मजुरी आधी धरा, घरचंच काम म्हणून सोडून देऊ नका.
आणि बिया फेकता की काय? त्यांचं तेल कॉस्मेटिकवाले घेतात.

सायली_राजापूर
खूप आभार दोघांचे. दुकानांशी बोलले, एक जण निम्मे पैसे आधी द्यायला तयार आहे, दुसऱ्याला सध्या नाही म्हणून सांगितलं. बियांचं आईला विचारलं तर म्हणाली आजी घरी मुठेल (बियांचं घट्ट तेल) करायची, भेगांना लावायला, आता कोणी करत नाही. ताई, बिया वाळवून तशाच विकाव्या की तेल काढून? आणि तेल काढायचं तर घाणा आमच्या बाजूला कुठे मिळेल?