मदत हवी आहे: कौलारू घराची तुळई भिंतीत कुजली आहे, बदलू की जोडू?

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ एक जुनं चिऱ्याचं घर घेतलंय. राहायला नाही, दुरुस्त करून पर्यटकांना भाड्याने द्यायला. त्यामुळे खर्च भाड्याच्या हिशेबात बसला पाहिजे. मे महिन्यात शाकारणीसाठी कौलं उतरणारच आहेत, तेव्हाच लाकूडकामही उरकायचं आहे.

अडचण आहे माजघरावरच्या तुळईची. सागाची, साधारण ८ बाय ६ इंच, गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) १४ फुटांचा. मधोमध हातोडी मारली की खणखणीत वाजते, मागच्या भिंतीत शिरते तिथे मात्र बद्द आवाज. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर दोन इंच आत गेला आणि लाकडाचे चौकोनी तुकडे हातात आले. वाळवीची माती कुठेच नाही. बरोबर त्याच्या वर, छपराची दोन पाखी (उतार) मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजून भोकं पडलीत. तीन वाशांची टोकंही गेलीत.

गावचा सुतार म्हणतो, अख्खी तुळई काढा. ठेकेदार म्हणतो, खालून लोखंडी चॅनेल ('C' आकाराची जाड पट्टी) मारू आणि प्लायचं सिलिंग करू, पाहुण्यांना काय दिसतंय! (त्याच्या घरी राहायला जायचं नाही, हे नक्की.) मेहुणा इपॉक्सी (दोन भाग मिसळले की दगडासारखी घट्ट होणारी राळ) भरा म्हणतो, तो बोटींची कामं करतो.

नुसतं टोक कापून नवा तुकडा जोडला तर भार पेलेल का? कोणी केलंय?

प्रतिसाद १
चौकोनी तुकडे म्हणजे बुरशीची कूज. लाकडात ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकली तरच ती वाढते, म्हणून पहिला खर्च पन्हळीवर. ती तशीच ठेवलीत तर नवी तुळईही जाईल.

बाकी तुळई खणखणीत असेल तर जोड चालतो. कूज संपते तिथे नाही, त्याच्या फूटभर पुढे कापा. दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल, आरपार बोल्ट, आणि चॅनेलचं टोक भिंतीत काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवा, थेट चिऱ्यावर नको. मापं मात्र स्ट्रक्चरल इंजिनीयरकडूनच घ्या. त्याची फी अख्ख्या सागाच्या तुळईपुढे काहीच नाही. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा, तिथे सिमेंट ठासू नका. इपॉक्सी खिडकीच्या चौकटीला ठीक, भार घेणाऱ्या टोकाला नुसत्या इपॉक्सीचा भरवसा नाही. सिलिंग तर नकोच, ओल आत कोंडते आणि पुढची कूज दिसतही नाही.

प्रतिसाद २
वाशांची फार काळजी नको. शेजारी नवा वासा चिकटवून बोल्ट मारले की झालं. नवं लाकूड वाळलेलं घ्या, टोकांना बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजा.

धागाकर्ता
आभारी आहे. टेकू कधी लावायचे? माळ्यावर आधीच्या मालकाने जादा कौलं रचून ठेवलीत.

प्रतिसाद १
अहो, आधी ती कौलं खाली उतरवा, मे महिन्याची वाट बघू नका. मग तुळईखाली टेकू, टेकूखाली जाड फळी. कापाकापी त्यानंतर.