पटावरील दाण्यांच्या संख्येचे अवयव हाताने पाडता येतील का?

प्रश्न (म्हापसा)

नमस्कार. चवथीच्या सुट्टीत माझ्या नववीतील भाचीने बुद्धिबळाच्या पटावर उकड्या तांदळाचे दाणे मांडले : पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत. आठव्या घरातील १२८ दाण्यांची रास शेजारच्या घरात सांडू लागली, तेव्हा पहिल्या ओळीची बेरीज २५५ लिहून आम्ही थांबलो. चौसष्ट घरांची बेरीज २ च्या ६४व्या घातातून १ वजा केल्यावर येते. ती संख्या, १८४४६७४४०७३७०९५५१६१५, कॅल्क्युलेटरवर पुरती मावत नसल्यामुळे तिने वहीतच गुणाकार करून काढली. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. शेवटी ५ आहे. पुढे आम्ही अडलो. संगणकाविना सर्व मूळ अवयव सापडतील का, आणि शेवटी उरणारी मोठी संख्या मूळच आहे, याची खात्री कशी करावी?

उत्तर (फोंडा)

सापडतील. भागाकारापेक्षा शाळेतले दोन वर्गांच्या फरकाचे सूत्र लावावे. २ चा ६४वा घात हा ३२व्या घाताचा वर्ग, ३२वा घात हा १६व्या घाताचा वर्ग, असे निम्मे करीत गेल्यास संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ अशी सुटते. आपल्या पहिल्या ओळीचे २५५ म्हणजे यांतील पहिल्या तिघांचाच गुणाकार, हे मुलीला अवश्य दाखवावे.

हे सहाही अवयव फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या आहेत, म्हणजे २ च्या १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या. अशा सर्व संख्या मूळ असाव्यात असे फर्माला वाटत होते. पहिल्या पाच मूळ आहेतही, परंतु शेवटच्या संख्येला ६४१ ने भाग जातो हे ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवले. ते पडताळण्याची रीत फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ मानता येते. तिचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात याची बाकी १ येते. आता ६२५ च्या जागी −१६ ठेवावे : २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ निघते, म्हणजे त्यात १ मिळवल्यास भाग निःशेष जातो. भागाकार केल्यावर ६७००४१७ उरतात.

उत्तर (काणकोण)

खात्रीचे काम वाटते तेवढे मोठे नाही. २ च्या ३२व्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो, हे ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले आहे. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे आहे. तेवढ्यात या साच्यातील मूळ संख्या केवळ २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ या आहेत. त्यांपैकी २५७ वगळावी, कारण फर्माच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. भाचीने चारही भागाकार स्वतः केले आणि बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४ व ६२२ आली. वहीच्या शेवटच्या पानावर आता सातही मूळ अवयव ओळीने लिहिलेले आहेत.