प्रतिसाद: थकलेले हप्ते आणि बँकेतील नोकरी

‘क्रेडिट स्कोअरची काळजी फक्त कर्ज काढणाऱ्याने करावी’ असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. क्रेडिट स्कोअर म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक भरतीच्या अलीकडच्या जाहिरातींत, रुजू होताना उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास चांगला असावा, अशी अट स्पष्ट छापलेली असते. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीकडील प्रतिकूल नोंदींमुळे नियुक्ती रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णयही मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला.

आपल्या सोलापुरात यंत्रमागावर राबणाऱ्या कितीतरी घरांतील मुले याच परीक्षांची तयारी करतात, म्हणून हे कळकळीने लिहितो. माझ्या शेजारच्या मुलाने हप्त्यावर मोबाइल घेतला, वडिलांचा माग बंद असताना त्याचे तीन हप्ते थकले आणि पुढे कंपनीने कमी रक्कम घेऊन खाते मिटवले, तेव्हा प्रकरण संपले असे त्या बिचाऱ्याला वाटले. पण अशा खात्यावर ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) ऐवजी ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) अशी नोंद राहते आणि ती चांगली मानली जात नाही. शक्य असल्यास उरलेली रक्कम भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, कारण आयबीपीएसच्या जाहिरातीतही अशा दाखल्याचा पर्याय दिलेला असतो.

सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच मागवावा. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.